माळावरचा कॅन आणि माझं ॲव्हरेज

केज तालुक्यातले तमाम डिझेल गाड्यांचे मालक, चालक, क्लीनर, आणि शेजारच्या सीटवर फुकट बसून फुकट सल्ले देणारे सर्व मान्यवर यांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते, की ज्याला तुम्ही ‘ॲव्हरेज अण्णा’ म्हणून ओळखता, ज्याच्या गळ्यात दूध संस्थेच्या वार्षिक सभेत हार पडला, ज्याच्या पिकअपचं बॉनेट उघडलं की भोवती शाळा भरायची — त्या माणसाने एक गोष्ट आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

कृपया बसून घ्यावे. टोप्या काढायची गरज नाही.

आता तुम्ही म्हणाल, अण्णाने सांगितली नाही अशी गोष्ट शिल्लक आहे कुठे? खरं आहे. मी एकदा पंक्चर झालेल्या चाकाची गोष्ट नांदूरघाटच्या बाजारात अशी रंगवली होती की ऐकणाऱ्याचा चहा गार झाला आणि त्याने तो तसाच पिऊन दुसऱ्यांदा गोष्ट सांगायला लावली. पण ही नाही सांगितली. बायकोलाही नाही. आता सांगीन म्हटलं तर ती नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला समोर दिसत नाही, त्यामुळे जरा बरं पडतं.

माझी पिकअप जुनी, गावोगावचे दुधाचे कॅन केजला संस्थेत पोचवणारी. मीटरने तीन लाख ओलांडले तेव्हा लोक म्हणाले, आता भंगारात घाला. मी तिला घातलं नाही, जपलं. सकाळी स्टार्ट केली की लगेच ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. तेल वरपर्यंत चढू द्यायचं, तोवर चाकांकडे एक फेरी. हवा थंड टायरमध्येच मोजायची. डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकायचं. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघायचं — ब्रेक धरून बसलाय का? कारण धरलेला ब्रेक गुपचूप डिझेल पितो आणि आवाजसुद्धा करत नाही. तरणी पोरं नव्या गाड्या घेऊन माझ्याकडे यायची. ‘अण्णा, तुमची म्हातारी चौदा देते आन् आमची नवी कावून देत न्हाई?’ मी पाय फाकवून उभा राहायचो, खिशातलं फडकं काढायचो, हात पुसायचो — हात स्वच्छच असायचे, पण पुसल्याशिवाय बोलण्याला वजन येत नाही — आणि मग बोलायचो.

किरकोळ पापं आधी देऊन टाकतो. पोरांना सांगायचो, उतारावर गाडी कधी न्यूट्रल करू नका, ब्रेक जातील. आणि मी स्वतः करायचो. पंपावर टाकी फुल करताना गाडी किंचित तिरकी उभी करायचो, म्हणजे डिझेल कमी मावतं आणि ॲव्हरेज फुगून दिसतं. हसा. हसण्यासारखंच आहे. पण ज्यासाठी तुम्हाला बसवलंय ते हे नाही.

मग ते वर्ष आलं. पाऊस नाही. गावात टँकर, माळावर गुरांची छावणी, रस्त्यावर फुफाटा. एअर फिल्टर सकाळी साफ करावा तर संध्याकाळी मैद्याने भरल्यासारखा. सगळ्यांच्या गाड्यांचं ॲव्हरेज पडलं, माझंही पडलं. त्यात माझ्याकडे यायच्या त्या पोरांतल्याच मुन्नाने नवी पिकअप घेऊन संस्थेच्या दुसऱ्या लाईनवर लावली होती. एके दिवशी संस्थेच्या दारात, चार माणसांत, तो म्हणाला, ‘अण्णा, आता तुमी आमच्याकडं शिकायला या की.’ सगळे हसले. मीही हसलो. माझ्या हसण्याचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मी नोझल साफ करून आणले. टॅपेट सेट केले. क्लच बघितला. गाडीत कुठे काही नव्हतं. गाडी जेवढं देऊ शकत होती तेवढं देत होती. मग डिझेल जातंय कुठे? स्टेअरिंगवर हात ठेवून मी रोजचा रस्ता डोळ्यासमोर आणला — आणि सापडलं.

माळावरची वस्ती. माझ्या लाईनवरचं पहिलं ठिकाण. खडकाळ चढ, सगळा पहिल्या गिअरमध्ये, इंजिन कण्हत वर जायचं. आणि वर काय? एक कॅन. एकाच घराचा. सोजरबाईचा.

सोजरबाई म्हणजे ग्यानबाची बायको. ग्यानबा माझ्याबरोबर शाळेत होता, म्हणजे माझ्याबरोबर शाळेबाहेर होता. त्यांच्याकडे एक म्हैस. छावणीतून चारा आणून, टँकरच्या पाण्यातलं स्वतःच्या वाट्याचं तिला पाजून त्यांनी ती टिकवली होती. दुष्काळात त्या घराची चूल त्या दुधावर पेटत होती, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. सोजरबाईचं दूध असं की आजूबाजूच्या बायका विरजण न्यायला तिच्याकडे यायच्या. ‘सोजरबाईचं विरजण लागलं की दही सुरीनं कापावं,’ म्हणायच्या. तिला त्याचा अभिमान होता. तेवढाच होता बिचारीकडे — नाही, ‘बिचारी’ म्हणायचा हक्क मला नाही. खोडतो.

ग्यानबा रोज स्वतः कॅन चढवायचा, त्यावर ओलं पोतं टाकायचा, आणि माझ्या शेजारी येऊन बसायचा. गावापर्यंत येऊन त्याला चारा बघायचा असायचा, पण खरं म्हणजे त्याला गोष्ट ऐकायची असायची. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना गोष्टी सांगितल्या. गोष्ट संपायच्या आधीच हसायला लागणारा माणूस मला एकच भेटला. शेवट काय आहे हे त्याला माहीत असायचं, आणि तरी तो वाट बघायचा. ‘पुढं? मंग? मंग?’ करत गुडघ्यावर थापा मारायचा. असा माणूस शेजारी असला की रेडिओ कशाला?

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? ‘ग्यानबा, गड्या, चढ लई डिझेल खातोय, कॅन खाली रस्त्यापर्यंत आणशील का?’ एवढं बोलायचं होतं. त्याने हसत हसत कॅन डोक्यावर घेऊन आणला असता. रोज आणला असता. पण मग ॲव्हरेज अण्णाला चढ झेपत नाही असं झालं असतं ना? ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. ज्या तोंडातून काय वाटेल ते निघायचं, त्याच तोंडातून.

मग मी काय केलं —

थांबा. पाणी पितो.

ग्यानबा कॅन चढवून केबिनमध्ये बसला की मी म्हणायचो, ‘मागचा फाळका लावून येतो.’ मागे जायचो. कॅनवरचं ओलं पोतं काढायचो, बाजूला टाकायचो. कॅन सरकवून फाळक्याशी ठेवायचो, जिथे ऊन थेट पडतं आणि खालून सायलेन्सरची धग लागते. मग फाळका लावायचो. हात पुसायचो. पुढे येऊन गोष्ट सुरू करायचो. गोष्ट रंगात यायची, ग्यानबा गुडघ्यावर थापा मारायचा, आणि मागे त्याचं दूध तापत जायचं. गावात उतरताना तो मागे बघायचाही नाही. कशाला बघेल? गाडी माझी होती. पुढच्या गावांचे कॅन चढायचे, त्या प्रत्येकावर मी पोतं नीट ओलं करून टाकायचो. केजला पोचेपर्यंत एकच कॅन नासलेला असायचा.

नासलेलं दूध दुसऱ्या दिवशी कॅनसकट परत जायचं. संस्थेचा तसा नियम होता. परत नेऊन देणारा मीच.

पहिल्या दिवशी सोजरबाईने झाकण उघडून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ‘अण्णा, नीट बघा बरं, कॅन आमचाच हाय न्हवं?’

मी कॅनमध्ये डोकावलो. वास घेतला. हळहळत मान हलवली. गावच्या जत्रेत मी राजाचं काम केलंय, हवालदाराचं केलंय, एकदा बाई कमी पडली म्हणून राणीचंही केलंय. त्या दिवशीइतकं चांगलं काम मी कधीच केलं नाही.

तिने कॅन घासला. राखेने, मग चिंचेने, मग उकळत्या पाण्याने. पाणी कुठलं? टँकरचं. वस्तीवर प्यायला मिळायचं ते. दुसऱ्या दिवशी पुन्हा नासलं, तिने पुन्हा घासला. म्हशीच्या सडांना काही झालंय का म्हणून ग्यानबाने डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, म्हैस ठणठणीत. मग उरलं कोण? मी रोज बघत होतो — कॅनचं झाकण लावताना ती आधी स्वतःच्या हातांचा वास घ्यायची.

आणि मी रोज फाळका लावत होतो. एकदाच नाही. रागाच्या भरात नाही. रोज सकाळी, ताज्या डोक्याने, टायरची हवा बघून झाल्यावर.

शेवटी सेक्रेटरीने विचारलं, त्या माळावरच्या कॅनचं काय करायचं? मी म्हणालो, माणसं चांगली आहेत, साहेब, पण दूध टिकत नाही, बाकीच्यांच्या दुधाला धोका कशाला? असं बोललो की सेक्रेटरीला वाटावं, अण्णाला किती वाईट वाटतंय. वस्तीचं ठिकाण बंद झालं. चढ गेला. माझं ॲव्हरेज पुन्हा चौदावर गेलं, चौदाच्याही थोडं वर. वार्षिक सभेत अध्यक्षांनी हार घातला, शाल-नारळ दिला, ‘दुष्काळातही काटकसर कशी करावी याचा आदर्श’ असं काहीतरी म्हणाले. मुन्नाने टाळ्या वाजवल्या. मी दोन शब्द बोललो. दोन म्हणजे पुष्कळ.

ग्यानबा सभेला आला होता. बाहेर भेटला. मला वाटलं, कळलं याला. तर माझा हात हातात घेऊन म्हणाला, ‘तू तरी किती सांभाळून घेशील, अण्णा? आमच्याच हाताला काय तरी लागलंय. तू आमच्यासाठी लई बोललास, सेक्रेटरी सांगत होता.’

म्हैस परळीच्या एका माणसाला गेली. दसऱ्यानंतर दोघं कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. त्याआधी ते कधी गेले नव्हते. ग्यानबा अभिमानाने सांगायचा, आमच्या घरात कोयता न्हाई म्हणून. पुढे मग दरसाल जायला लागले. एके वर्षी ग्यानबाची पाठ उसाच्या मोळीखाली गेली. तेव्हापासून तो वस्तीवरच बसून असतो, असं ऐकतो. ऐकतोच. त्या चढावर मी पुन्हा गाडी घातली नाही.

शेजारची सीट रिकामी राहिली. मधूनमधून कुणीकुणी बसलं, पण मोबाईल बघत बसलं. मी काचेला गोष्टी सांगायला लागलो. शेवटाच्या आधी थांबायचो, कुणी ‘मंग?’ म्हणेल म्हणून. इंजिन एका सुरात चालत राहायचं. सुरेख चालायचं, खोटं कशाला बोलू? इतकी निगा राखलेली गाडी तालुक्यात दुसरी नव्हती.

गेल्या साली माझी पोरगी बाळंतपणाला आली. बारसं माझ्याच घरी झालं. घरात बाईमाणूस नाही, म्हणून पोरीने आसपासच्या सगळ्या बायकांना बोलावलं. वस्तीवर निरोप कुणी पाठवला ते मला माहीत नाही. सोजरबाई माळावरून चालत आली. केस पांढरे, उन्हाने करपलेली, बाळासाठी टोपडं शिवून आणलेली. मला बघून म्हणाली, ‘बरं हाय का, अण्णा?’ मी हो म्हणालो.

स्वयंपाकघरात गर्दी होती. खिरीसाठी दूध तापवायचं होतं. माझ्या पोरीने दुधाचं पातेलं उचललं आणि जवळ उभ्या असलेल्या सोजरबाईपुढे धरलं — ‘मावशी, एवढं गॅसवर ठेवा की.’ मी दारातच उभा होतो. सोजरबाई पटकन दोन पावलं मागे सरली, दोन्ही हात पदरात लपवले, आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेली:

‘मला नगं सांगू बाई ते. माझ्या हातानं दूध नासतं.’