जाळीला गंध नव्हतं

खंडेनवमी जवळ आली, चिकपेट बाजाराच्या तोंडाशी झेंडूचे ढीग लागले, की ती घटना आठवल्याशिवाय राहत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे विसरलो. ही साधी अपघाताची केस मात्र विसरता येत नाही. तिच्यात मी माझ्या घरचाच म्हणावा असा एक माणूस गमावला.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. मी म्हैसूर राज्याच्या पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर होतो आणि बंगळुरातल्या एका ठाण्याचा भार माझ्याकडे होता. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ इतकी की पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसत. हसोत बापडे.

खंडेनवमी होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळची हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी लिहीत होतो, तेवढ्यात इस्पितळातून चिठ्ठी आली. कारखान्यात अपघात, इसमाच्या उजव्या हाताची चार बोटं तुटली. दफेदाराला, म्हणजे आमच्या हेड कॉन्स्टेबलला, बरोबर घेऊन मी निघालो.

कारखाना मागडी रस्त्याला होता. कंदिलाचे पत्र्याचे भाग तिथे प्रेस नावाच्या यंत्रावर ठोकून काढत. पत्रा आत सरकवायचा, पायाने पट्टी दाबायची, की वरचा जड ठोकळा खाली येऊन पत्र्याला आकार द्यायचा. त्या ठोकळ्याखाली हात जाऊ नये म्हणून प्रेसच्या तोंडावर चार बोल्टांनी लोखंडी जाळी बसवलेली असे. मी पोचलो तेव्हा जाळी प्रेसच्या पायाशी पडली होती. शेजारी चार बोल्ट आणि एक पाना, अगदी ओळीत.

मॅनेजर शिकलेला, पांढऱ्या पँटीतला, गोड बोलणारा गृहस्थ होता. त्याने आधी कॉफी मागवली आणि मग कागद काढले. माझा अनुभव असा, की खरं सांगणारा माणूस आधी बोलतो आणि कागद मागितल्यावर देतो. याच्याकडे सगळं तयार होतं. भिंतीवर सुरक्षेच्या नियमांची पाटी होती, वहीत कामगारांचे अंगठे होते. ‘जाळी काढणार नाही’ असं लिहिलेल्या ओळीखाली जखमी कामगाराचाही अंगठा होता.

“आम्ही सांगून सांगून थकलो, सर,” तो म्हणाला. “यांना काम उरकून घरी पळायची घाई. आज सकाळी त्याने स्वतःच जाळी काढली. विचारा आमच्या मेस्त्रींना.”

मेस्त्री पुढे आले आणि मी उभा राहिलो. ते अण्णा होते.

अण्णा आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहत. माझे वडील लवकर गेले. त्यानंतर मला शाळेत घालण्यापासून पोलीस भरतीच्या मैदानावर सोडण्यापर्यंत सगळं अण्णांनी केलं. ते मला ‘पुट्टा’ म्हणत. कन्नडमध्ये लहान मुलाला म्हणतात तसं. अंगावर खाकी चढली तरी पुट्टाच. खंडेनवमीला कारखान्यातली पूजा आटोपली की ते ताम्हण घेऊन आमच्या दारात येत आणि आधी वडिलांच्या, पुढे माझ्या सायकलला गंध लावत. तीन बोटांनी तीन आडव्या रेघा, वर अंगठ्याने कुंकू. तरुणपणी एका यंत्रात सापडून त्यांची अनामिका वाकडी झाली होती, म्हणून तिसरी रेघ नेहमी तोकडी उमटायची. ती तोकडी रेघ पाहिल्याशिवाय आमच्या घरी सण झाल्यासारखा वाटत नसे.

“सकाळी जाळी जाग्यावर होती,” अण्णा म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. मला वाटलं, रक्त पाहून हादरलेत. मी जबानी लिहून घेतली, जाळी मुद्देमाल म्हणून जप्त केली, पंचनामा केला. ठोकळ्याच्या बाजूवर लाल डाग होता. दफेदाराने ‘रक्तासारखा डाग’ असं लिहिलं आणि मी सही केली. नीट वाकून पाहिलं असतं तर चार दिवस वाचले असते.

दुपारी इस्पितळात गेलो. जखमी कामगार पस्तिशीचा होता. दोन मुली, बायको, म्हातारी आई. आठ वर्षं त्याच प्रेसवर होता. हाताला बँडेजचा मोठा गोळा. आदल्या दिवसापर्यंत धडधाकट असलेला तो माणूस माझ्याकडे न बघता त्या गोळ्याकडेच बघत होता.

“बोटं गेली, गेली,” तो कन्नडमध्ये म्हणाला. “पण साहेबांनी माणूस पाठवला होता. म्हणे, तू जाळी काढलीस, तुला कामावरून कमी केलंय. सर, जाळी मी काढली नाही. ती गौरी-गणपतीपासून तिथे नव्हतीच. उद्या माझ्या मुलींना लोक सांगतील, तुमच्या बापाने स्वतःच्या मूर्खपणाने हात घालवला. तेवढं होऊ देऊ नका.”

मी लिहून घेतलं. खरं सांगायचं तर विश्वास ठेवला नाही. एका बाजूला हा अनोळखी माणूस, दुसऱ्या बाजूला अण्णा. कोणाचं खरं धरणार? अण्णांशी घरोबा आहे, हे मी वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, “या गावात तुमची ओळख नाही असा माणूस मला कुठून मिळणार? तपास करा आणि जे दिसेल ते लिहा.”

तीन दिवसांनी ठाण्याच्या टपालात एक बिननावी कार्ड आलं. कन्नडमध्ये एकच ओळ होती: ‘जाळी अपघातानंतर आणून ठेवली.’ अशा कार्डांना पुरावा म्हणून काडीची किंमत नसते. पण ती लिहिणारा माणूस बहुधा रोज त्याच फाटकातून आत जात असतो, म्हणून मी ती कधी फेकली नाहीत.

दुसऱ्या दिवशी न कळवता कारखान्यात गेलो. प्रेस बंदच होती. या वेळी गुडघे टेकून आत पाहिलं. ठोकळ्यावरचा लाल डाग रक्ताचा नव्हता. कुंकू होतं ते, तेलात मिसळून गडद झालेलं. त्याच्याखाली गंधाच्या तीन रेघा होत्या. तिसरी तोकडी होती.

मी तसाच ठाण्यावर आलो आणि मुद्देमालाच्या खोलीतून जाळी बाहेर काढायला लावली. उजेडात धरून आतून-बाहेरून, कडा, भोकं, सगळं पाहिलं. कोपऱ्यांत धूळ बसली होती, एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं. गंध कुठेच नव्हतं. समोरच्या भिंतीवर आमच्या बेड्या टांगलेल्या होत्या, त्यांच्यावर खंडेनवमीचं कुंकू अजून दिसत होतं. बंदुका, काठ्या, दौत, दाराचं कुलूप, दफेदाराने त्या दिवशी काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. आणि अण्णा तर घरातल्या कॉफी दळायच्या यंत्राला आणि केरसुणीलाही गंध लावणारे. जाळी जागेवर असती तर गंध तिला लागलं असतं आणि तिच्यामागच्या ठोकळ्यापर्यंत हातच पोचला नसता. म्हणजे खंडेनवमीच्या दिवशीच ती जागेवर नव्हती, आणि अण्णांना ते माहीत होतं.

त्या दुपारी मी जेवलो नाही. अण्णांना ठाण्यावर बोलावणं पाठवलं. दफेदाराला दाराशी बसवलं आणि दोघांसाठी कॉफी मागवली.

“काय रे पुट्टा, घरी यायचास की,” अण्णा बसता बसता म्हणाले. “ठाण्यावर कशाला बोलावलास?”

“अण्णा, खंडेनवमीला त्या प्रेसची पूजा कोणी केली?”

“मीच की. मी असताना दुसरं कोण करणार?”

“मनापासून केलीत?”

त्यांना राग आला. “पस्तीस वर्षं करतो मी पूजा! एक पाना सुटू देत नाही.”

“मग जाळी कशी सुटली?”

अण्णांच्या हातात कॉफीचा पेला होता. तो त्यांनी खाली ठेवला. ते कायद्यापुढे खोटं बोलले होते आणि बहुधा पुन्हाही बोलले असते. पण आपण पूजेत चूक केली, असं म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. मी ते ओळखून होतो आणि त्याचाच फायदा घेतला. तपास अधिकारी म्हणून मला त्याचं काही वाटत नाही. पुट्टा म्हणून आजही वाटतं.

“साहेब म्हणाले, जाळीनं काम हळू होतंय,” ते म्हणाले. “दिवाळीचा माल जायचाय, स्वल्प दिवस काढून ठेव. मी म्हटलो, नको साहेब, हात जाईल कोणाचा तरी. तर म्हणाले, तुला जमत नसेल तर दुसरा मेस्त्री बघतो. सरी, बरं म्हटलो. मीच काढलो रे. माझ्याच पान्यानं.”

“आणि अपघातानंतर?”

“स्टोअरमधून आण म्हणाले. आणलो.”

मला तो प्रश्न विचारायचा नव्हता. पण विचारला. “अण्णा, आधी त्याला उचललंत, की आधी जाळी आणलीत?”

अण्णा आपल्या वाकड्या बोटाकडे बघत राहिले. दफेदार उठून बाहेर गेला. मी पुन्हा विचारलं नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे त्यांना मी स्वतः सांगितलं. उद्या मॅजिस्ट्रेटपुढे ते सरळ नाही म्हणू शकत होते. त्या रात्री मला काय हवं होतं, कोण जाणे. सकाळी अण्णा धुतलेला कोट आणि टोपी घालून माझ्याआधी कोर्टात हजर होते. सगळं सांगितलं, स्वतःला वगळून काही सांगितलं नाही. जिना उतरताना माझ्यापाशी थांबले.

“झालं ना काम तुमचं, सर?”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला सर म्हटलं.

आरोपपत्रात मी दोन नावं लिहिली, मॅनेजरचं आणि अण्णांचं. दोघांनाही शिक्षा झाली, दंडावर निभावलं. कारखाने-निरीक्षकांनी वेगळी कारवाई केली. कामगाराच्या नावावरचा ठपका पुसला गेला आणि मालकांनी त्याला स्टोअरमध्ये कामावर घेतलं. पुढे तो एकदा दोन्ही मुलींना घेऊन ठाण्यावर आला. त्यांच्यादेखत मला म्हणाला, “सर, यांना सांगा.” मी सांगितलं, तुमच्या वडिलांची काही चूक नव्हती. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात चांगलं वाक्य असेल.

अण्णांची मेस्त्रीकी गेली. त्यांनी पुढे एक लहानशी शेड टाकली. त्यांची बायको, आमची अक्का, दिवाळीचा डबा आईकडे पाठवत राहिली. अण्णांनी मात्र हाक मारली नाही. खंडेनवमीला मी मुद्दाम सायकल पुसून दारात उभी करी. दुपारपर्यंत वाट बघायची आणि आत घ्यायची. असं एक-दोन नाही, दहा वर्षं चाललं.

माणूस नियम मोडतो तो बहुधा वाईटपणाने मोडत नाही, हे मी या केसमध्ये शिकलो. वरचा म्हणतो, थोडेच दिवस. खालचा म्हणतो, मला सांगितलं म्हणून केलं. दोघांच्या मध्ये तिसऱ्याचा हात जातो. म्हणून दोघांचीही नावं लिहावी लागतात. आजही मी लिहीन. पण लिहून झाल्यावर घर किती रिकामं होतं, ते कोणत्याच पोलीस प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

अकराव्या वर्षी मला राहवलं नाही. खंडेनवमीच्या सकाळी सायकल घेऊन मीच शेडवर गेलो. अण्णा खूप वाळले होते. शेडमध्ये एक छोटी प्रेस होती, जाळी घट्ट बसवलेली, आणि जाळीवर तीन रेघा. तिसरी तोकडी.

“काय पाहिजे, सर?”

“सायकल आणलीय, अण्णा.”

त्यांनी सायकल वरपासून खालपर्यंत पाहिली. मग ताम्हण घेऊन वाकले, बोटं गंधात बुडवली आणि तशीच हवेत धरली.

“चेनचं कव्हर कुठंय?”

“वाजत होतं फार. काढून ठेवलंय.”

अण्णा सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी कारखान्या-कारखान्यांतून सुरक्षेवर भाषणं दिलेला माणूस, खाली बघायला लागलो.

“बसवून आण,” ते म्हणाले.

मी घरी धावलो. कव्हर सापडलं, स्क्रू सापडले नाहीत. चिकपेटच्या हार्डवेअरच्या गल्लीत सगळे दुकानदार तराजूंची पूजा करत बसलेले. आज विक्री नाही, सर, दसरा झाल्यावर या. तिसऱ्या दिवशी स्क्रू मिळाले. कव्हर बसवून पुन्हा शेडवर गेलो. अण्णांनी स्टँड लावलं, हाताने पेडल फिरवलं, कान देऊन ऐकलं. कव्हर वाजलं नाही.

“बरं बसवलास.”

“मग गंध?”

“सण झाला की रे, पुट्टा,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी आण.”

घरी येताना मी दोनदा सायकलवरून उतरलो. समोरचं नीट दिसत नव्हतं.

त्यानंतरची खंडेनवमी अण्णांना लाभली नाही. श्रावणातच ते गेले.

सायकल अजून आहे. दर वर्षी सणाच्या आदल्या दिवशी मी तिचे स्क्रू आवळतो. घरची मुलं हँडलला गंध लावतात, चाकांना लावतात, हार घालतात. चेनच्या कव्हरला मात्र मी त्यांना हात लावू देत नाही. ती जागा मी मोकळी ठेवली आहे.