पत्रिकेतलं गाळलेलं नाव

मिरज सोडलं तेव्हा स्टेशनवर बाबा आणि धाकटा भाऊ सुहास आले होते. मी बावीस वर्षांची. दिल्लीत सरकारी कारकुनाची नोकरी लागली होती. गाडी हलायच्या आधी बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "कुणाच्या उपकारात राहू नकोस." दुसरं काही बोलले नाहीत. सुहास मात्र गाडीबरोबर थोडं पळाला.

सरोजिनी नगरच्या एका क्वार्टरमध्ये आम्ही तिघी मुली एका खोलीत राहायचो. वर्षभरात माझ्या तोंडी 'अच्छा' आणि 'चलो' बसलं. मराठी उरली ती पत्रांपुरती. तिसऱ्या वर्षी ऑफिसमधल्या जोसेफशी रजिस्टर लग्न केलं. घरी कळवलं, तर बाबांचं एका ओळीचं कार्ड आलं : 'कळवलंस, बरं केलंस.' रागानं लिहिलं की मनापासून, ते मला उमगलं नाही.

पुढच्याच वर्षी सुहासची लग्नपत्रिका पोस्टाने आली. खाली नावांची रांग होती. चुलत, आते, मामे, सगळे. माझं नाव नव्हतं. जोसेफला मराठी वाचता येत नाही. तो म्हणाला, कार्ड सुंदर आहे. मी लग्नाला गेले नाही. नाव बाबांनीच गाळलं, हे मी धरून चालले. नंतर त्यांचा फोन आला की कामाचं निमित्त सांगून ठेवून द्यायची. कधीतरी त्यांनी फोन करणंही सोडलं. ते गेले तेव्हा मी पोचले दहाव्याला.

आता आम्ही नोएडात असतो. यंदा आमच्या मीराचं लग्न ठरलं, आणि तिनं जाहीर केलं की पत्रिका घरी करायच्या. "छापलेलं कार्ड कुणी बघत नाही यार, आई." पानिपतहून तिनं हातमागाच्या कापडाचे तुकडे आणले, करोल बागेतून जाड कागद. पाकिटं कापायची, वर कापड चिकटवायचं, कडेला दोरा ओढायचा. महिनाभर जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. मराठी पत्रिका हाताने लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मीराला 'ळ' काढता येत नाही आणि 'विनीत' म्हणजे कोण, असं तिनं मला विचारलं होतं.

मजकूर झाला. नावांपाशी आले आणि हात चालेना. उठून खिडकीशी जायची, परत बसायची, पुन्हा चहा टाकायची. तीन कागद वाया गेले. मीरानं विचारलं, "मामाचं नाव नाही टाकायचं? बिल्कुल नाही?" मी म्हटलं, बघू.

शेवटी एका दुपारी सुहासला फोन लावला. त्याच्या मुलांची नावं कशी लिहायची, एवढंच विचारायचं होतं. त्यानं नावं सांगितली. पण फोन ठेवला नाही.

"ताई, माझ्या पत्रिकेत तुझं नाव बाबांनी लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "तुझं आणि जोसेफचं, दोघांचं. छापायला देताना मी काढलं. सासरचे विचारतील म्हणून घाबरलो."

"आणि बाबांना?"

"छापून आल्यावर कळलं. ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. मला म्हणाले, तिला तू स्वतः सांगायचंस. मला जमलं नाही."

मी फोन ठेवला. चपला घातल्या आणि मेट्रोत बसले, कुठे जायचं ते न ठरवता. तीन-चार स्टेशनांनंतर उतरले, पलीकडच्या फलाटावर गेले, परत आले. राग सुहासचा येत होता, पण डोळ्यांपुढे बाबा होते. सव्वीस वर्षं मी अढी धरली, तीही ज्यानं माझं नाव लिहिलं होतं त्या माणसाबद्दल.

घरी आल्यावर सुहासचं नाव लिहिलं. त्याला माफ केलं म्हणून नव्हे. गाळलेल्या नावाचं काय होतं, ते मला ठाऊक होतं म्हणून.

तो लग्नाच्या आठ दिवस आधी एकटाच आला. उरलेल्या पाकिटांना खळ लावत खाली बसून राहिला. आम्ही फारसं बोललो नाही. जोसेफशी मात्र त्याची मोडक्या हिंदीत गट्टी जमली.

मिरजेत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना, हे मुद्दाम लिहितेय. घर मागे राहिलं, आपण पाहुणे झालो, असंच मी इतकी वर्षं समजत होते. मीराच्या लग्नात दारात उभी राहून आत्या, काका, सुहासची बायको, एकेकाला 'या, बसा' म्हणत होते, तेव्हा ध्यानात आलं की पाहुणे ते आहेत. मला बोलावणं येण्याची वाट आता मी बघत नाही. बाबांना मात्र एकदा तरी 'या' म्हणायला हवं होतं. ते राहून गेलं, आणि ती रुखरुख आता या घरातच राहील.