यादीत नसलेल्या आजी

रुग्णालयात सगळे त्यांना ओळंबा म्हणत, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीनं सोडतो तो. तीस वर्षं त्यांनी रेकॉर्ड रूम सांभाळली. एखादी फाइल बोटभर जरी पुढे आलेली दिसली, तरी हातातला चहा खाली ठेवून ते आधी ती आत ढकलायचे. हे नाव कुणी पाडलं ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडतही असे.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना फाइली संगणकात गेल्या आणि ओळंबांच्या हाताला काम उरलं नाही. अधीक्षकांनी त्यांना गोदामात बसवायचं ठरवलं. ओळंबांची सून वेबसाइटी तयार करायची. ती म्हणाली, "बाबा, तिथे माश्या मारत बसण्यापेक्षा माझ्याकडे शिका."

"सासऱ्याला छडी मारशील का?"

"गृहपाठ नाही केलात तर बघू."

नऊ महिने रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी चालली. मग ओळंबांनी फिजिओथेरपी विभागासाठी एक वेब पान तयार केलं. कुणाचा नंबर कितवा, हे बाहेरच्या स्क्रीनवर दिसणार होतं. अधीक्षक म्हणाले, "आठवडाभर चालवून बघा. पण एक जरी तक्रार आली, तर पुन्हा कागद, आणि तुम्ही गोदामात."

काम तसं साधं होतं. दोन अ‍ॅरे, म्हणजे ओळीनं मांडलेल्या दोन याद्या. पहिलीत खिडकीवर नाव नोंदवलेले रुग्ण, आले त्या क्रमानं. दुसरीत विभागाच्या मॅडमनी सकाळी दिलेले केसपेपरचे नंबर, ज्याला आधी घ्यायचं तो आधी. पहिली यादी दुसरीप्रमाणे लावायची. ओळंबांचा कोड प्रत्येक रुग्णाचा नंबर मॅडमच्या यादीत कितव्या जागी आहे ते विचारायचा. पहिली जागा शून्य, दुसरी एक. ज्याचा आकडा लहान, तो वर.

दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी काठी टेकत एक आजी आल्या, खिडकीवर नाव सांगून बाकावर टेकल्या, आणि स्क्रीनवर थेट सगळ्यात वर झळकल्या.

कंबरेला पट्टा बांधलेला एक ट्रक ड्रायव्हर आतापर्यंत पहिला होता. तो भिंतीला धरून उठला. "आजी, आत कोण आहे तुमचं? आम्ही काय इथे हवा खायला बसलोय?"

"अरे, मी कशाला कुणाच्या पुढे घुसू? तुमच्या त्या पाटीनंच मला वर चढवलं!"

मॅडम बाहेर आल्या. "यांना तर मी आज बोलावलेलंच नाही."

कोपऱ्यात जाऊन ओळंबांनी सुनेला फोन लावला. तिनं शांतपणे विचारलं, "बाबा, जो नंबर यादीत सापडतच नाही, त्याचं उत्तर काय येतं?"

"उणे एक."

"आणि उणे एक मोठा की शून्य?"

ओळंबांनी कपाळावर हात मारला. रेकॉर्ड रूममध्ये बिननंबरी फाइल कपाटाच्या शेवटी जायची. ते कुणाला सांगावं लागत नसे. यंत्राला सांगायला हवं होतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ते ड्रायव्हरसमोर येऊन उभे राहिले. "चूक माझी आहे. तक्रार लिहा, पण आजींवर नको, माझ्यावर लिहा."

"लिहिणारच!" म्हणत त्यानं वही मागून घेतली.

दुरुस्ती एका ओळीची होती: न सापडलेले शेवटी. आजी एकदम तेविसाव्या जागी उतरल्या. ओळंबांना हायसं वाटलं. मग त्यांचं लक्ष आजींकडे गेलं. त्या गुडघा दोन्ही हातांनी दाबून, डोळे मिटून बसल्या होत्या.

"फार दुखतंय का?"

"सकाळपासून पाय टेकवत नाही. नाहीतर न बोलावता कोण येतंय इथे?"

ओळंबा पुन्हा संगणकाशी बसले. न सापडलेली नावं त्यांनी वरही ठेवली नाहीत आणि खालीही. ती मॅडमच्या स्क्रीनवर एका वेगळ्या चौकटीत गेली. मॅडमनी ती पाहिली, आजींचा गुडघा चाचपला आणि त्यांना ड्रायव्हरच्या मागे दुसरा नंबर दिला.

तासाभरानं अधीक्षक वही घेऊन आले. तक्रार चांगली अर्धं पान होती.

मॅडम म्हणाल्या, "साहेब, कागद होता तेव्हा यादीत नसलेला माणूस दुपारपर्यंत बाकावरच बसायचा. मला पत्तासुद्धा नसायचा. पान राहू द्या."

अधीक्षकांनी उभ्याउभ्याच तक्रारीखाली लिहिलं: चूक दुरुस्त केली, पान चालू ठेवावे. खाली सही ठोकली.

ओळंबांनी सुनेला फोन केला, पण ती मीटिंगमध्ये होती. ड्रायव्हर पट्टा आवळत बाहेर पडत होता. दुसरं कुणी जवळ नव्हतं, म्हणून त्यांनी त्यालाच गाठून सांगितलं, "राहिलं हो!"

"काय राहिलं, काका?" म्हणत त्यानं घाईघाईनं खिसे चाचपले.