रिसीव्हरला पाजलेला नारळ

यंदा खंडेनवमीला मुलाने पूजेत लॅपटॉप मांडला, नारळ फुटला, आणि ओल्या खोबऱ्याच्या वासासरशी मला ऐंशीच्या आसपासची मंगळवार पेठेतली आमची बैठकीची खोली आठवली. सासऱ्यांनी आखातातल्या भावाकडून आणवलेला स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे दोन स्पीकरांचा भारी रेडिओ, तिथे जरीच्या रुमालाखाली संस्थानिकासारखा बसलेला असे. दसऱ्यापासून मात्र तो नुसता खरखरत होता, आणि त्या संध्याकाळी माझी धाकटी बहीण रेडिओवर पहिल्यांदाच गाणार होती. माहेरी रेडिओ दुरुस्तीचे दुकान, त्यामुळे मी सरळ स्क्रूड्रायव्हर घेतला. "फॉरिनचा माल हाय त्यो, सूनबाई! बिघडला म्हंजे?" सासरे ओरडले. "बिघडलाच हाय की, मामा," म्हणत मी झाकण काढले. आवाजाच्या बटणामागे कुंकवाचा चिकट लगदा बसला होता. खंडेनवमीला सासऱ्यांनी रिसीव्हरला कुंकू वाहून वर नारळाचे पाणी मनसोक्त शिंपडले होते. दुपारभर मी स्पिरिटच्या बोळ्याने तो लगदा पुसून काढत राहिले, बटण फिरवून बघत राहिले, आणि गाण्याच्या वेळेला दोन्ही स्पीकरांतून बहिणीचा आवाज स्वच्छ आला. सासरे जमलेल्या शेजाऱ्यांना म्हणाले, "नारळ फोडलता न्हवं का, वाजणारच की!" तेव्हा मी रिसीव्हरवर जरीचा रुमाल परत घातला. यंदा मात्र नारळ फुटायच्या आधीच मी लॅपटॉपवर परात पालथी घातली होती.