औषधातलं दूध

दवाखान्याच्या पाटीवर नाव सासऱ्यांचं होतं, पण लोक यायचे ते तिखटबाईंकडे. हे नाव आयांनीच पाडलेलं. दूध सोसत नाही, अंडं सोसत नाही, खाल्लं की पोट फुगतं, जुलाब लागतात, अशी पोरं तपासता तपासता वैद्यबाईंच्या जिभेला धार आली होती. पोराचं पोट त्या हलक्या हातानं चाचपायच्या आणि घरच्यांची सालटी काढायच्या. "एकानं काय होतंय?" म्हणणाऱ्या एका आत्याला त्यांनी बिस्किटाच्या पुड्यासकट बाहेर काढलं होतं.

त्या दिवशी समोर शिंपीण बसली होती, मांडीवर चिमुरडी लेक. दुधाची अ‍ॅलर्जी आहे, असं मुलांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं. दूध तोडल्यावर भूक आणि पचन सुधारावं म्हणून वैद्यबाईंनी चूर्ण सुरू केलं होतं. पण पोरगी दर खेपेला आणखीच वाळलेली दिसायची.

"घरात कोण चोरून दूध पाजतंय?"

"कुणी नाही हो, बाई. सासूबाईसुद्धा कोरा चहा पितात आता."

"मग पोट काय वाऱ्यानं बिघडतंय? मला शेंड्या लावू नकोस!"

शिंपिणीचे डोळे भरून आले. चूर्णाची वेळ झाली म्हणून तिनं पिशवीतला थर्मास काढला, कपात ओतलं आणि वर पुडी सोडली. कपात दूध होतं.

"हे काय?"

"औषध! खिडकीतल्या आजोबांनीच सांगितलंय, कोमट दुधातून द्यायचं."

वैद्यबाईंनी कप हिसकावला आणि तशाच औषधांच्या खिडकीशी गेल्या. तिथे सासरे पुड्या बांधत होते. फोन उचलला की हॅलो, तसं पुडी दिली की त्यांच्या तोंडून आपसूक निघायचं, कोमट दुधातून.

"बाबा, दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या पोरीला दूध?"

"अगं, ते दूध कुठे? अनुपान आहे ते. औषध पोटात न्यायला. आहार वेगळा, औषध वेगळं."

"आणि पोटाला ते कळवलंय का कुणी?"

"माझ्या वडिलांपासून असंच देतोय. तू मला शिकवणार?"

"सोसत नाही ते देऊ नये, हेही तुमच्याच ग्रंथात आहे. तेवढी पानं चिकटली होती का?"

शिंपीण पोरीला कडेवर घेऊन दारात येऊन उभी होती. "म्हणजे इतके दिवस मीच पाजत होते?" तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही मला खोटारडी ठरवलंत! तुमचं ऐकून सासूशी भांडले मी, नणंदेला घरी येऊ नको म्हटलं!"

वैद्यबाईंची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "चुकलं माझं. कशातून द्यायचं, ते मीच सांगायला हवं होतं."

"चुकलं तुमचं, आणि वाळली माझी पोर!"

"चूर्ण बंद. आधी डॉक्टरांकडे दाखवू, आत्ताच. मी येते. काय झालं ते माझ्या तोंडानं सांगते."

"बाहेर माणसं बसलीत," सासरे कुजबुजले. "अब्रूचा काही विचार?"

"अब्रू तुम्ही सांभाळत बसा. पण आजपासून या खिडकीत बसायचं नाही."

पायात चपला सरकवत वैद्यबाई रस्त्यावर आल्या. त्यांनी हात पुढे केले. "दे तिला. दमली असशील."

"राहू द्या," शिंपीण म्हणाली आणि लेकीला छातीशी घट्ट धरून पुढे चालू लागली.