सात एकर, नकाशाप्रमाणे

सरकारी जमिनींचे दावे लढवणाऱ्या वकीलबाईंच्या गळ्यात नदीकाठच्या सात एकरांचा दावा पडला, तेव्हा त्यांची मुलगी पहिलीत होती. आता ती दहावीला बसली होती आणि दावा होता तिथेच होता. एका वीटभट्टीवाल्याने सरकारी जागेवर अतिक्रमण केलं, एवढंच प्रकरण. पण कधी साक्षीदार गैरहजर, कधी न्यायाधीशांची बदली, एकदा तर मूळ नकाशाच दोन वर्षं सापडेना. सासूबाई म्हणायच्या, "काय गं, त्या जमिनीत एखादं झाड लावलं असतंस तर एव्हाना फळं खाल्ली असती आपण!"

बाई वरवर हसायच्या, पण आतून जळफळाट व्हायचा. शेवटी नव्या न्यायाधीशांनी जागेवर जाऊन अहवाल देण्याचा हुकूम केला. तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं ज्या जमिनीसाठी आपण घसा कोरडा केला, ती आपण डोळ्यांनी पाहिलेलीच नाही. मागितली तेव्हा खात्याची गाडी मिळाली नव्हती, आणि नंतर त्यांनी मागणंच सोडलं होतं.

यावेळीही गाडी मिळाली नाही. बाई आणि खात्याचा मोजणीदार एसटीने गेले. काठावर पोहोचल्यावर मोजणीदाराने नकाशा उलगडला, चार पावलं टाकली आणि तो थबकला.

"बाई, हद्द इथून सुरू होते."

"इथून?"

समोर नदी वाहत होती. लांब, पाण्याच्या मधोमध, भट्टीच्या मोडक्या धुराड्याचं टोक तेवढं डोकं वर काढून उभं होतं.

तेवढ्यात काठी टेकत भट्टीवाला आला. कोर्टातल्यापेक्षा तो बराच म्हातारा दिसत होता. "दोन पुरांत गेली सगळी," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. भर उन्हाळ्यातही कमरेइतकं पाणी असतं इथे."

"अहो, मग दावा कशाला लढवताय?"

"मी माघार घेतली तर चोर ठरेन, असं माझा वकील म्हणतो. तुम्ही कशाला लढवताय?"

 बाईंनी फोनवर पाण्याचे फोटो काढले आणि परतीची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी त्या खात्याच्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेबांनी फोटोंकडे पाहिलंसुद्धा नाही. "दप्तरात सात एकर आहे ना? मग आहे. वाहून गेली असं मी लिहून दिलं, तर उद्या वरून विचारतील, जबाबदार कोण?"

"मग नदीला नोटीस पाठवू का, साहेब?"

"चेष्टा नको. मोजणीदाराचा अहवाल जोडा."

तो अहवाल पाहून बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मोजणीदाराने लिहिलं होतं, 'पाण्याची पातळी जास्त असल्याने मोजणी होऊ शकली नाही. पाणी ओसरल्यावर पुन्हा मोजणी करावी.' बाईंनी त्याला जाब विचारला, तर तो म्हणाला, "बाई, माझी निवृत्ती आठ महिन्यांवर आलीय. मला कशाला बुडवता?"

म्हणजे पुन्हा तारीख, पुन्हा उन्हाळ्याची वाट. आणि भर उन्हाळ्यातही तिथे कमरेइतकं पाणी असतं, हे भट्टीवाल्याने सांगितलंच होतं. बाईंनी स्वतःच्या सहीने दोन पानी निवेदन लिहिलं, फोटो जोडले आणि कोर्टात दिलं. न्यायाधीशांनी ते वाचलं, दोन्ही बाजूंना 'जमीन आहे कुठे?' एवढा एकच प्रश्न विचारला आणि दहा मिनिटांत दावा निकाली काढला.

आठवड्याच्या आत बाईंना नोटीस आली: खात्याची परवानगी न घेता सरकारी जमीन नसल्याचं कबूल का केलं, याचा खुलासा करावा. नवरा म्हणाला, "दोन ओळींची माफी लिहून दे आणि मोकळी हो."

"माफी कसली? होतं ते सांगितल्याची?" बाई कडाडल्या. मग आवाज उतरला. "मागायचीच असेल तर नऊ वर्षं न बघता बोलले, त्याची मागेन."

त्यांनी तसंच लिहिलं. खुलाशाला उत्तर आलं नाही; त्यांची पुढची बढती मात्र अडली. खात्याने निकालावर अपील केलं आणि फाइल शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ वकिलांकडे गेली. ते बाईंपाशी मुद्दे मागायला आले.

"मुद्दे नंतर देते," बाई म्हणाल्या. "सकाळी सव्वासातला एसटी आहे. आधी बघून या."