बारा कोऱ्या जर्सी

छापायच्या आधी मामा कापडावर तळहात ठेवायचे. चांगला पसरून, बाळाच्या पोटावर ठेवावा तसा. मग समोरच्याकडं बघून म्हणायचे, “नाव बोला. छापलं की निघत नाय.”

गिऱ्हाईक म्हणायचं, “अहो, चिठ्ठीवर लिहून दिलंय की.”

“चिठ्ठी मुकी आसती. तुमी बोला.”

मग गिऱ्हाईक लाजत नाव बोलायचं. मामा तेच नाव तीनदा म्हणायचे. पहिल्यांदा हळू, चव घेतल्यासारखं. तिसऱ्यांदा एवढ्या मोठ्यानं की मागं धागे कापत बसलेली मी दचकायचे. मग मशीनचं तापलेलं झाकण खाली यायचं आणि रबरी अक्षरं कापडाला कायमची चिकटायची.

शहराच्या जुन्या बाजारात, गुलमंडीतल्या एका बोळात आमचं खेळाच्या कपड्यांचं दुकान होतं. पुढं काउंटर, मागं पत्र्याखाली आम्ही दोघं, सगळे ज्यांना मामा म्हणत ते आणि मी. मामा जर्सीवर नावं आणि नंबर छापायचे, मी धागे कापून घड्या घालायचे. तुम्हीही अशा दुकानात गेला असाल. पुढचा मालक तुम्हाला आठवत असेल. मागं कोण बसतं ते कुणी बघत नाही.

एकदा एका कॉलनीची क्रिकेट टीम आली. त्यातल्या तिघांना पाठीवर ‘कॅप्टन’ पाहिजे होतं, त्यावरून दुकानातच जुंपली. मामांनी तिघांच्याही जर्सी ओढून घेतल्या. “तिघांच्याबी पाठीवर छापतो. फकस्त पळताना एकमेकाच्या मागं पळू नका, म्हंजी भांडण नाय.” पोरं हसून गेली. मामा हसले नाहीत. नावाच्या बाबतीत ते चेष्टा करायचे, पण हसायचे नाहीत.

मी लागले त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी मला विचारलं, “तुमचं नाव काय वो?”

“बाई म्हणतात.”

“बाई समद्याच आसत्यात. नाव बोला.”

मी एवढं हळू बोलले की त्यांना कान पुढं करावा लागला. मग त्यांनी तीनदा म्हटलं. “कौशल्या. कौशल्या. कौशल्या!” काउंटरवरचे लोक वाकून मागं बघायला लागले. जमीन दुभंगावी असं मला झालं. मामांनी उरलेल्या कापडाच्या तुकड्यावर ते नाव छापलं आणि माझ्या हातात दिलं. तो तुकडा अजून माझ्या पाण्याच्या हंड्यावर झाकलेला असतो.

मामा सोयगावकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. एका वर्षी गवत गेलं, दुसऱ्या वर्षी पाणी गेलं, मग मेंढरं गेली. कशी गेली, हे त्यांनी एकदाच सांगितलं आणि सांगताना ते मशीन पुसत होते. मी पिशोरजवळच्या एका खेड्यातली. आम्हीही अशाच वर्षी शहरात आलो. चौथी शिकलेली, कडेवर पोर.

तेव्हा शहर बाजूच्या गावांवर चढत होतं. जिथं काल बाजरी होती तिथं आज खांब. नवीन इमारतींनाही पाणी नव्हतंच, पण त्यांचा टँकर फाटकाच्या आत जायचा. आमचा रस्त्यावर थांबायचा. त्या रांगेत मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. कुणी ओरडून बोललं नव्हतं. एक बाई दुसरीला तोंड फिरवून म्हणाली, “आले बघ दुष्काळी.” दुसरीनं तिची बादली माझ्या हंड्यापासून लांब सरकवली.

नंतर तो शब्द खोली बघायला गेल्यावर ऐकला, किराणा घेताना ऐकला. एक दिवस माझी पोरगी शाळेतून येऊन म्हणाली, “आई, आपली जात दुष्काळी हाय का?” मी तिला जेवायला वाढलं. मी कुणालाच उत्तर देत नसे.

तर तोच शब्द एका सकाळी आमच्या दुकानावर मोठ्या अक्षरांत लागला.

धाकटे मालक पुण्याहून शिकून आले होते. त्यांनी स्वतःचा ब्रँड काढला. पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या लोकांसाठी जर्सी, पँटी, टोप्या. ते म्हणाले, “आपली गिऱ्हाइकं म्हणजे नुसती गिऱ्हाइकं नाहीत, कुटुंब आहे. कुटुंबाला नाव पाहिजे.” बोर्डावर भेगाळलेल्या जमिनीचं चित्र होतं आणि त्याखाली नाव, ‘दुष्काळी टोळी’. जो आपल्याकडून घेईल तो टोळीतला. छातीवर तेच छापायचं.

“कसं रांगडं वाटतं!” मालक म्हणाले. “पाणी नाही, सावली नाही, तरी पळतोय!” त्यांच्या हातात गार पाण्याची बाटली होती.

मामांनी विचारलं, “मालक, पळतंय कोन?”

“आपण सगळे, मामा.”

“आमी पळालो व्हतो. आमाला कुनी जर्सी नाय दिली.”

मालकांनी टाळी वाजवली. “वा! हेच बोर्डावर लिहू आपण!”

मला तेव्हा राग आला. एवढा की कात्री हातातून सुटली. पण मी ती उचलली आणि धागे कापत राहिले.

आठवड्याभरात लोक बोलायला लागले. एक निवृत्त मास्तर जर्सी परत घेऊन आले. त्यांच्या मुलानं हौसेनं आणली होती. त्यांनी ती काउंटरवर टाकली. “माझ्या वडिलांनी दुष्काळात खडी फोडली हो. हे छातीवर लावून मी फिरायला जाऊ?”

एक पोरगा टीमच्या जर्सी घ्यायला आला आणि मामांसमोर उभा राहिला. “ये क्या लिखे चाचा? हमारी अम्मी टँकर के पीछे भाग भाग के बुड्ढी हो गई. ये सीने पे लगा के घर कैसा जाना?”

मामा म्हणाले, “मालक कू बोल बेटा. जोर से बोल.”

एक बाई आपल्या मुलासाठी बघत होती. नाव वाचलं, शांतपणे घडी घातली, परत ठेवली. “हे नाव आम्हाला गल्लीत फुकट मिळतं. विकत कशाला घ्यायचं?”

मालकांनी आम्हाला शिकवून ठेवलं होतं. कुणी तक्रार केली की वाद घालायचा नाही. हसायचं, “प्रेमानं ठेवलंय हो” म्हणायचं आणि ब्रँडची एक बाटली भेट द्यायची. मागून बाटली आणून हातात द्यायचं काम माझं. मास्तरांना मी दिली. त्यांनी ती उलटी करून बघितली. आत काहीच नव्हतं. “बरोबर आहे,” एवढंच म्हणाले आणि बाटली तिथंच ठेवून गेले.

दुष्काळाचं बोलणाऱ्या माणसाला रिकामी बाटली! आणि ती माझ्या हातून.

काही लोकांना नाव आवडायचंही. ते हसत हसत छातीवर छापून घ्यायचे. मामा त्यांच्याही जर्सीवर हात ठेवायचे आणि विचारायचे, “हे नाव तुमचं?” ते “हो हो” म्हणायचे. मामा तीनदा म्हणायचे नाहीत. गप झाकण खाली आणायचे.

एका दुपारी त्यांनी मला सांगितलं, “आमच्यात काय आसतं, परत्येकाच्या मेंढरांला आपली खूण आसती. कानाला चिरा न्हायतर पाठीवर गेरूचा पट्टा. चुकलेलं मेंढरू आपल्या कळपात आलं, तर त्याला पाजायचं, चारायचं. पर आपली खूण लावायची नाय. दुसऱ्याच्या मेंढराला खूण लावली तर त्यो चोर. मंग त्याच्या चुलीपाशी कुनी बसत नाय.”

मग पुढं बोर्डाकडं मान हलवली. “ह्यो तर मानसाला लावतोय.”

त्यानंतर त्या बारा मुली आल्या. पिशोरकडच्या एका शाळेची खो-खोची टीम, जिल्ह्याच्या स्पर्धेला निवडलेली. मालक त्यांना जर्सी फुकट देणार होते. अट एवढीच, की छातीवर ‘दुष्काळी टोळी’ आणि घालून एक फोटो. दुपारी त्यांची मॅच होती, गाडी चौकात उभी होती. मुली मागं माझ्याजवळ कापडाच्या गठ्ठ्यांवर बसल्या. माझ्या गावाकडची बोली ऐकून मी कात्री खाली ठेवली.

त्यांची कॅप्टन तेराएक वर्षांची, वेण्या घट्ट बांधलेली. ती मामांजवळ गेली. “मामा, छातीवरलं नाय छापलं तर चालतंय का?”

“कामून गं?”

“मागल्या साली शहरातल्या पोरी आमाला हेच म्हनत व्हत्या. मैदानात. आमी बसलो की मागून म्हनायच्या. ही शकू रडली, मंग आमी हारलो.”

त्यांच्या शिक्षिका म्हणाल्या, “गप बस गं. फुकट देतायत ते.” पण त्यांनीही मामांकडं बघितलं आणि मग खाली बघितलं.

मामांनी पहिली जर्सी उलटी टाकली. पाठ वर. तळहात ठेवला. “नाव बोल.”

ती बोलली. मामांनी तीनदा म्हटलं. दुसरीपासून मुलीच ओरडायला लागल्या. बारा नावं, तीन तीन वेळा, तो पत्रा नुसता वाजत होता. शकूच्या नावाला तर सगळ्यात जास्त आवाज. त्या जागेत एवढी नावं मी कधी ऐकली नव्हती. मी घड्या घालायच्या म्हणून एकेक जर्सी हातात घेतली आणि बघितलं, पुढून सगळ्या कोऱ्या.

तेवढ्यात मालक फोटोवाल्याला घेऊन आले.

“मामा, हे काय? पुढचं नाव?”

“त्यांला नको हाय.”

“फुकट देतोय मी!”

“म्हनून तर त्यांचं ऐकलं. इकत घेनारा नाय म्हनू शकतो.”

“अहो, किती लोक आवडीनं घालतात! दोन-चार रडके सोडले तर कुणाला वाईट वाटतं?” मालक माझ्याकडं वळले. “बाई, तुम्ही सांगा. तुम्हीपण खेड्यातल्याच ना? तुम्हाला वाटतं का वाईट? कधी काही बोलला नाहीत ते.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या बारा मुली, त्यांच्या बाई, फोटोवाला. रांगेतली ती सरकलेली बादली मला दिसत होती. जेवायला बसलेली माझी पोरगी दिसत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “मला काय कळतंय त्यातलं.”

“बघा!” मालक म्हणाले. “छापा आता.”

मामांनी मशीनच्या मुठीवर तळहात ठेवला, कापडावर ठेवायचे तसा. मग बटण बंद केलं. खुंटीवरची पिशवी घेतली आणि बाहेर पडले. माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं, रागावले असते तर बरं झालं असतं.

मामा परत येतील म्हणून मालक बराच वेळ थांबले, तोवर मशीन गार पडलं; ते परत तापायला तेवढाच वेळ लागतो. मालकांना ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं. त्यांनी बटण दाबलं, झाकण आपटलं, अक्षरं गार कापडावरून घसरून खाली पडली. चौकातून गाडीवाला हॉर्न वाजवत होता. कॅप्टननं माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला. “आमी आशाच जातो,” ती म्हणाली, आणि बाराजणी कोऱ्या छातीनं गेल्या.

मामा परत आले नाहीत.

काही महिन्यांनी एका मोठ्या डॉक्टरांनी इंग्रजीत पत्र लिहिलं, की हे नाव अपमानकारक आहे. एकच पत्र. चार दिवसांत बोर्ड उतरला आणि काउंटरवर कागद लागला, ‘आमच्या ग्राहकांच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत.’ असल्यास! त्या बाटल्या मी वाटल्या होत्या. मास्तर, अम्मीचा तो पोरगा, घडी घालून ठेवणारी बाई, सगळे याच काउंटरवर मराठीत आणि हिंदीत बोलून गेले होते. आणि मामा तर ग्राहकही नव्हते. कागदात त्यांच्यासाठी जागाच नव्हती.

गुलमंडीत भेटलेला एक माणूस म्हणाला, ते सोयगावकडं परत गेले, चार मेंढरं घेतली आहेत. दुसरा म्हणाला, इथंच एका इमारतीवर वॉचमन आहेत. खरं काय ते मला माहीत नाही. आता मशीनवर नवीन माणूस आहे. कानात वायरी घालून चिठ्ठीवरचं छापतो.

मामांचं एक म्हणणं खोटं होतं, तेही सांगते. छापलेलं निघतं. माझ्या तुकड्यावरच्या ‘कौशल्या’ला भेगा पडल्या आहेत, एक काना तर निघूनच गेला. निघत नाही ते बोललेलं. ‘मला काय कळतंय त्यातलं’ हे मी किती धुतलं, तसंच्या तसं आहे.

यंदाही पाऊस नाही. परवा दुपारी टँकरच्या रांगेत एक नवीन बाई आली. कडेवर पोर, हातात हंडा, कुठं उभं राहायचं ते कळत नव्हतं. माझ्या मागून आवाज आला, “आले, दुष्काळी आले.”

मी तिचा हंडा धरून माझ्या हंड्याच्या पुढं ठेवला आणि विचारलं, “नाव काय तुमचं?”

ती काहीतरी पुटपुटली. मी कान पुढं केला.

“अनसूया.”

मी म्हटलं, अनसूया. मग परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा टँकरवरचा माणूस पाइप हातात धरून वाकून खाली बघायला लागला.